फाळाखालची वस्ती

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवले, तेव्हा ते घ्यायला शेतकरी पुढे येईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर गावोगाव गेला आणि ती समजूत अडाणीपणाचा किस्सा म्हणून उरली.

शेतं हिंडताना मला हा किस्सा सारखा आठवतो. लोखंड जमिनीला बाधत नाही, हे खरंच. पण नांगराचा आणि विषाचा एकमेकांशी काही संबंध असावा, ही त्या माणसांची शंका मला आता हसण्यावारी नेता येत नाही. आज आपल्या शिवारात विष खरोखरच पडतं. आपण त्याला औषध म्हणतो. ते फवारलं, तण जळालं, अळी पडली, की आपल्या लेखी काम संपलं. फवारलेल्यातला बराच भाग मात्र जमिनीवर येतो. तिथे तो किती दिवस राहतो, कुठे जातो, कशात बदलतो, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. ते ठरतं जमिनीच्या वरच्या वीतभर थरात. आणि त्याच थरात आपण वर्षातून चार-पाच वेळा लोखंड फिरवतो. नांगरट, पाळी, पुन्हा पाळी, रोटाव्हेटर, मग सरी.

मे महिन्यात कोल्हापूर भागात एका बांधावर उभा होतो. बांधाच्या अलीकडे आडसाली लागणीसाठी नांगरून, रोटर मारून ठेवलेलं रान. पलीकडे खोडव्याचा ऊस, पाचट न जाळता सरीत दाबलेलं, आणि बरीच वर्षं नांगर न घातलेलं रान. माती दोन्हीकडे एकच, मळीची काळी. शेतकऱ्याने दोन्हीकडे कुदळ मारून दाखवली. नांगरलेल्या रानात वर भुगा, खाली ढेकळं. ढेकूळ फोडलं की धारदार कडा आणि आत चकचकीत गुळगुळीत तुकडा. फाळ जिथवर पोचतो तिथे कुदळीला टणक थर लागला. पलीकडे पाचट बाजूला सारलं तर भर मे महिन्यात खाली ओल होती. माती रवाळ, मुठीत दाबली तरी न चिकटणारी. कुजक्या पाचटाच्या खालच्या बाजूने पांढरे धागे पसरले होते, कोळ्याच्या जाळ्याएवढे बारीक. त्याने मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. पहिल्या पावसाचा वास होता.

हा वास मातीचा नसतो, मातीत राहणाऱ्यांचा असतो. अ‍ॅक्टिनोमायसिट्स नावाचे सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. चमचाभर चांगल्या मातीत अब्जाच्या घरात जिवाणू असतात. ते पांढरे धागे म्हणजे बुरशीचे तंतू. त्यातल्या मायकोरायझा जातीच्या बुरशा पिकाच्या मुळात शिरून बाहेर दूरवर हातपाय पसरतात. मूळ जिथे पोचत नाही तिथला स्फुरद त्या आणून देतात आणि बदल्यात मुळाकडून साखर घेतात. ऊस, सोयाबीन, तूर, ज्वारी, कापूस ही आपली बहुतेक पिकं या सोयरिकीवर जगतात. हे तंतू आणि जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. रवाळ मातीचा रवा बनतो तो असा.

नांगराचा फाळ या वस्तीतून जातो तेव्हा जिवाणू फारसे मरत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. ते इतके लहान आहेत की लोखंड त्यांना लागतच नाही. तुटतात ते बुरशीचे धागे, कोसळतात ती गांडुळांची बिळं, आणि फुटतो तो रवा. रव्याच्या पोटात वर्षानुवर्षं दडून राहिलेलं कुजकं द्रव्य उघडं पडतं, त्याला हवा लागते आणि जिवाणूंची मेजवानी सुरू होते. लोहाराच्या भात्याने निखारा फुलावा तसं होतं. काही दिवस माती जोरात श्वास घेते, कर्ब वायू होऊन उडून जातो आणि त्याबरोबर सुटलेलं नत्र पिकाला मिळतं. पीक हिरवंगार दिसतं. नांगरलेल्या रानात पीक चांगलं येतं हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही, पण ती हिरवाई जमिनीने साठवलेल्या कर्बावर येते. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या रानाचा वरचा थर पन्नास अंशांच्या वर तापतो. साठवण आधीच तुटपुंजी असते. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी माती तपासली तर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली निघतो.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर हे नाव ऊसपट्ट्यात नवीन नाही. बाहेरून खत आणून टाकण्यापेक्षा पिकाचा जमिनीखालचा भाग, बुडखे आणि मुळ्यांचं जाळं, जागच्या जागी कुजू द्यावा, हे ते अनेक वर्षं स्वतःच्या शेतातून आणि लिखाणातून मांडत आले. लवकर कुजणाऱ्या हिरव्या पाल्यापेक्षा सावकाश कुजणारं चिवट मूळ जमिनीत जास्त काळ राहतं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं. ते जाळलं की एका संध्याकाळी राख होते. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तर पाचट तसंच ठेवून खोडव्याचे बुडखे छाटणारं आणि त्याच फेरीत खत जमिनीत पेरणारं यंत्र बनवलं. मार्ग आहेत. पण नांगर बंद केला की दुसरा प्रश्न दारात येतो, आणि नांगरणीविना शेतीवर बोलताना तो बऱ्याचदा घाईने उरकला जातो. जुनं पीक मारायचं कशाने? तण मारायचं कशाने? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, तणनाशकाने.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात नांगरलेली माळरानं धुळीच्या वादळात उडाली, तिथून नांगराविषयी शंका सुरू झाली. १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनरने नांगराविरुद्ध पुस्तकच लिहिलं. पण शेतकऱ्याने नांगर खरोखर खाली ठेवला तो १९६० नंतर, अ‍ॅट्राझिन, पॅराक्वाट अशी तणनाशकं हाती आल्यावर. ओहायो राज्यातल्या वूस्टर इथे १९६२ मध्ये नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या मक्याचे प्रयोग शेजारी शेजारी सुरू झाले. १९७४ मध्ये ग्लायफोसेट बाजारात आलं आणि बिनानांगरटीची शेती जगभर फोफावली. एक लोखंड खाली ठेवलं ते एक रसायन हातात घेऊन. जमिनीच्या दृष्टीने हा सौदा कसा ठरला, हे मला खरं तर पाहायचं होतं.

त्यासाठी आधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ती फार कमी सांगितली जाते, आणि ती एका भारतीय शास्त्रज्ञाची आहे. १९७० च्या सुमारास एन. सेतुनाथन फिलिपिन्समध्ये लॉस बानोसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करत होते. तपकिरी तुडतुड्यांसाठी तिथे भातखाचरात डायझिनॉन टाकत. सुरुवातीला ते चांगलं चाले. त्याच खाचरात पुन्हा पुन्हा टाकल्यावर मात्र ते फार लवकर निकामी होऊ लागलं. तुडतुडे औषधाला सरावले, असा कोणीही तर्क केला असता. सेतुनाथन यांनी खाचराचं पाणी तपासलं. निर्जंतुक केलेल्या पाण्यात औषध टिकत होतं, नुसत्या पाण्यात नाहीसं होत होतं. त्या पाण्यातून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढला. तो डायझिनॉनचा रेणू तोडून टाकत होता, आणि पॅराथिऑन हे दुसरं कीटकनाशकही त्याला चालत होतं. टाकलेल्या विषावर त्या खाचरात कोणीतरी पोट भरायला शिकलं होतं.

सेतुनाथन पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत आले. त्यांच्याच गटाने उसाच्या मुळांलगतच्या मातीतून बीएचसी पावडर पचवणारा जिवाणू शोधला. आमच्या लहानपणी ही पावडर घरात मुंग्यांसाठीसुद्धा असायची, भिंतीच्या कडेने तिची पांढरी रेघ ओढलेली असे. भारतात १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. सूर्य, पाणी, आम्ल, अल्क हे सगळे औषधाचा थोडाफार नाश करतात, पण त्याचा पार कर्ब वायू आणि पाण्यापर्यंत निकाल लावण्याचं काम मुख्यतः फाळाखालची ही वस्तीच करते. दुसरी कोणतीही सफाई यंत्रणा शेताला नाही.

मग नांगर न घातलेल्या रानात वस्ती मोठी, म्हणजे औषध लवकर संपत असेल, असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. न नांगरलेल्या रानात सेंद्रिय कर्ब वरच्या दोन-तीन बोटांत साठतो, सूक्ष्मजीवही तिथेच दाटीने असतात. त्यामुळे औषध तोडणारे हात वाढतात. पण तोच कर्ब पेंडीमिथॅलिन किंवा अ‍ॅट्राझिनसारख्या औषधांना धरूनही ठेवतो. मातीच्या कणाला चिकटलेलं औषध वाहून जात नाही, पण जिवाणूच्या तोंडीही लागत नाही. पॅराक्वाट हे याचं टोकाचं उदाहरण. मातीला लागताच ते चिकणमातीच्या थरांत इतकं घट्ट बसतं की तण मारण्याची ताकद तिथेच संपते, आणि मग वर्षानुवर्षं ते जवळपास तसंच पडून राहतं. त्यामुळे बिनानांगरटीत औषध लवकर जातं की उशिरा, याला एक उत्तर नाही. औषध कोणतं आणि माती कोणती, हे विचारल्याशिवाय बोलणंच चूक आहे. शेतकऱ्याला सल्ला देणारे आपण सगळेच ही चूक करतो. कोकणात चालतं ते विदर्भात सांगतो आणि विदर्भातलं कोकणात.

नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११ च्या सुमारास भाताची जी पद्धत बसवली, ती आता एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) म्हणून राज्यभर माहीत आहे. कोकणातला भात म्हणजे राब भाजणं, नांगरट, चिखलणी, रोप उपटणं आणि वाकून वाकून लावणी. एसआरटीत यातलं काहीच नाही. एकदा गादीवाफे करायचे आणि ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोकं पाडून भात टोकायचा, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घ्यायचा. चिखलणीत मातीचा रवा पूर्ण मोडतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात खाचरातून वाहणारं लाल पाणी ज्याने पाहिलं आहे त्याला हेक्टरी किती माती गेली हे आकड्याने सांगावं लागत नाही. एसआरटीच्या वाफ्यात गांडुळं परत आली, हे शेतकरी आपणहून दाखवतात. लावणीचं कंबरडं मोडणारं काम संपलं, हे बायका त्याआधी सांगतात.

पण त्या वाफ्यावर पेरणीआधी ग्लायफोसेट मारतात, आणि टोकणीनंतर ऑक्सिफ्लोरफेन. ग्लायफोसेटचं मातीशी वागणं इतर तणनाशकांपेक्षा वेगळं आहे. त्याला सेंद्रिय कर्बाची ओढ फारशी नाही, त्याला लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम लागतं. कोकणची जांभी माती म्हणजे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडंच. तिथे स्फुरदाचं खत टाकलं तर ते मातीत अडकून बसतं, ही तक्रार कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याची आहे. ग्लायफोसेटचा रेणू स्फुरदाचाच भाऊबंद आहे, तोही त्याच जागांवर बसतो. म्हणून जांभ्या मातीत ते घट्ट धरलं जातं आणि विहिरीकडे सहज झिरपत नाही. ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की माती वाहिली तर तिच्या कणांवर बसून तेही वाहतं, आणि वरून भरपूर स्फुरद टाकला तर दोघांत जागेसाठी चढाओढ होऊन काही ग्लायफोसेट सुटू शकतं. म्हणजे एसआरटीचा वाफा जोवर माती धरून ठेवतो, तोवर तो औषधही धरून ठेवतो. वाफा मोडला, उतारावर उघडी माती ठेवून फवारणी केली, तर तेच पाणी ओहोळातून पुढे उल्हास नदीला मिळतं. उल्हासच्या काठावर बदलापूर आहे, कल्याण आहे.

जिवाणू ग्लायफोसेट तोडतात, त्यातून अ‍ॅम्पा नावाचा तुकडा उरतो आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त दिवस रेंगाळतो. ग्लायफोसेट वनस्पतीच्या ज्या रासायनिक वाटेवर घाव घालतं, ती वाट माणसात नाही, पण अनेक जिवाणूंत आणि बुरशांत आहे. हे कळल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. ज्या वस्तीसाठी नांगर खाली ठेवला, तिच्यातल्याच काहींना हे औषध लागू पडतं. शेतात वापरतात त्या मात्रेला एकूण सूक्ष्मजीवांची संख्या फारशी ढळत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. संख्या टिकली तरी वस्तीत कोण राहिलं आणि कोण गेलं, हा प्रश्न उरतोच. आणि कायदा पाहिला तर आपल्या देशात ग्लायफोसेटला मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगर-पीक जागेसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांकडूनच फवारता येईल, असा आदेश काढला. गावात आज ते कोण फवारतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारची एक शाखा बिनानांगरटीला प्रोत्साहन देते, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही ती गावागावांत नेली, आणि ज्या औषधावर ती उभी आहे त्याच्या वापराचं शास्त्र शेतकऱ्याला शिकवायला कोणी नाही. ही मोठी उणीव आहे.

घाट चढून काळ्या मातीत आलं की सगळं गणित बदलतं. ही माती अल्कधर्मी, चुनखडीची, चिकण. सोयाबीनमध्ये तण दिसलं की इमॅझेथापायर हे तणनाशक फवारतात. अल्कधर्मी मातीत ते कणांना फारसं चिकटत नाही, ओलीत विरघळून राहतं, आणि त्याचा निकाल मुख्यतः सूक्ष्मजीवच लावतात. त्यांना काम करायला ओल हवी, ऊब हवी आणि हवाही हवी. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ताण दिला तर ते थांबतात. उलट शेत तुंबून राहिलं, हवा कोंडली, तरीही थांबतात. औषध मग रब्बीपर्यंत शिल्लक राहतं. मराठवाड्यात एका शेतकऱ्याने मला सोयाबीननंतर पेरलेली ज्वारी दाखवली होती. उगवण झाली होती, पण रोपं खुजी आणि पिवळी, मुळं आखडलेली. दुकानदाराने बियाणं खराब म्हटलं, बियाणं विकणाऱ्याने पाऊस म्हटलं. फवारणीची पट्टी जिथे दुबार पडली होती तिथे पिवळेपणा जास्त होता, हे त्या माणसाने स्वतः पावलं मोजून काढलं होतं. जमिनीवर विश्वास ठेवून पेरलेलं पीक जमिनीतच उपाशी राहावं, यासारखं दुःख नाही. क्लोरिम्युरॉन या दुसऱ्या तणनाशकाचं तर अल्कधर्मी मातीत आपोआप होणारं विघटनही मंदावतं.

इथे नांगर मदतीला येतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वरच्या थरातलं औषध खालच्या मातीत मिसळून पातळ होतं. पूर्वी सोयाबीनमध्ये फ्लुक्लोरॅलिन वापरत तेव्हा तर फवारल्याबरोबर वखराची पाळी देऊन ते मातीत मिसळावंच लागे, नाहीतर उन्हाने उडून जाई. पण काळ्या मातीसाठी मला नांगरापेक्षा रुंद वरंबा-सरी जास्त भरवशाची वाटते. ती पाणी तुंबू देत नाही, ताणात ओल धरते, म्हणजे त्या वस्तीला लागणारी हवा आणि ओल दोन्ही सांभाळते. औषध वेळेत संपायला हेच लागतं.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे. ती भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताणानंतर अचानक धो धो पाऊस आला की पाणी मातीतून मुरत नाही, भेगेतून थेट खाली जातं आणि वर पडलेलं ताजं औषध घेऊन जातं. गांडुळांची बिळंही हेच करू शकतात. अमेरिकेत कोशॉक्टनच्या प्रयोगक्षेत्रात न नांगरलेल्या मक्यात गांडुळांच्या खोल बिळांतून पाणी आणि तणनाशक खाली उतरताना शास्त्रज्ञांनी मोजलं. त्यातून एक साधी गोष्ट निघते. फवारणीनंतरचा पहिला पाऊस फार महत्त्वाचा असतो. तो हलका आला तर औषध मातीत शिरून कणांशी आणि जिवाणूंशी भेटतं, तो मुसळधार आला तर कोणाशीच न भेटता निघून जातं. आभाळ भरून आलं असताना घाईने फवारणी करू नये, हे औषध वाया जाईल म्हणून सांगतात. ते विहिरीसाठीही सांगायला हवं.

तणाचा विषय निघाला की मला खुरपणारे हात दिसतात. महाराष्ट्रात तण काढणं हे बायकांचं काम, बोटं सोलवटून जातील इतकं. डवरणीला बैल लागतात आणि बैल आता दावणीला उरलेले नाहीत. मजूर मिळत नाही हे वाक्य प्रत्येक शेतात ऐकू येतं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी बंदी असलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला, त्यामागे हीच अडचण होती. उभ्या पिकात तणनाशक मारता आलं तर डवराही नको आणि खुरपंही. त्यांचा त्रास मी समजू शकतो. पण मग तणनाशक एका हंगामात एकदा न पडता दोनदा-तीनदा पडतं, आणि ते पंपाने फवारणारा माणूस उघड्या पायांनी त्याच ओल्या तणातून चालतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक माणसं गेली. जमिनीतल्या जिवांची काळजी करताना जमिनीवरच्या या जिवांना वगळलं तर माझ्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

उन्हाळी नांगरटीच्या बाजूने बोलणारे शेतकरी चुकत नाहीत. खोल नांगरटीने बोंडअळीचे, घाटेअळीचे कोष उघडे पडतात, उन्हाने आणि बगळ्यांनी संपतात. एक नांगरट कधी कधी एक फवारणी वाचवते. हुमणीचं मात्र वेगळं आहे. उसातल्या हुमणीवर मेटारायझियम नावाची बुरशी चालते, अळीच्या अंगावर हिरवी बुरी चढून ती मरते. मर रोगावर ट्रायकोडर्मा चालते. या दोन्ही जिवंत औषधांना ओल, सावली आणि सेंद्रिय पदार्थ लागतो. पन्नास अंशांना तापलेल्या भुग्यात त्या टाकल्या तर पैसे मातीत गेले म्हणायचे, आणि त्याच पाण्यात बुरशीनाशक मिसळलं तरी तेच. पाचटाखाली टाकल्या तर त्या राहतात, वाढतात. ज्या रानात ही वस्ती टिकते, त्या रानाला विकतचं विष कमी लागतं, इतकं मी पाहिलं आहे. म्हणून मी सरसकट नांगर मोडा म्हणत नाही. कोषासाठी लागेल तिथे, लागेल त्या वर्षी नांगरावं. सवय म्हणून, शेजाऱ्याने ट्रॅक्टर लावला म्हणून, रान लोण्यासारखं दिसावं म्हणून दरवर्षी चार पाळ्या घालणं सोडावं. आणि नांगर सोडला तर त्याच्या जागी फवारणीची सवय लावून घेऊ नये. पाचट, पऱ्हाटीचा भुगा, ताग, चवळी यांनी जमीन झाकली की तणाचं अर्धं काम सावलीच करते. उरलेल्या तणावर औषध मारायचं तर मोजून, एकदाच, आणि पुढच्या हंगामात काय पेरणार हे आधी ठरवून.

२०१५ पासून आपल्या शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत बारा गोष्टी मोजलेल्या असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्या बारांत जिवंत असं एकही नाही, आणि जमिनीत कोणतं औषध किती शिल्लक आहे याचा एक रकानाही नाही. माती किती श्वास घेते, हे मोजणं प्रयोगशाळेला अवघड नाही. इमॅझेथापायर, अ‍ॅट्राझिन, ग्लायफोसेट यांचे अवशेष तालुक्यातल्या निवडक शेतांत दर दोन वर्षांनी मोजणंही अशक्य नाही. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांनी आणि कृषी खात्याने हे दोन रकाने त्या पत्रिकेत घालावेत, ही माझी जाहीर मागणी आहे.

तोवर आपण स्वतः एक करू शकतो. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे तळहाताएवढे चार तुकडे कापा. सुती म्हणजे निखळ सुती, टेरीकॉट नको. दोन तुकडे नेहमी नांगरता त्या रानात आणि दोन बांधाकाठच्या किंवा पाचटाखालच्या न मोडलेल्या मातीत वीतभर खोल पुरा, वर काठी रोवून खूण करा. दोन्हीकडे ओल सारखी ठेवा. दोन महिन्यांनी उकरून शेजारी शेजारी पसरा आणि कोणतं कापड जास्त खाल्लं गेलं आहे ते पाहा.